चंद्राच्या जागी सचिव

परवा आमच्या सोसायटीच्या सचिवांनी माझ्या चंद्रावर शिक्का मारला. गोल, जांभळा, नोंदणी क्रमांकासकट. घरातल्यांच्या मते हा विषय आता संपलाय. माझ्या मते तो अजून नीट सुरूसुद्धा झालेला नाही.

तर, मी आर्ट जर्नल करते. जाड कागदाची वही घ्यायची आणि तिच्यात रंग, शाया, ठसे, एसटीची जुनी तिकिटं, गेल्या सालच्या पंचांगाचे तुकडे, मुद्दाम पाडलेले चहाचे डाग असं एकावर एक चढवत पान भरायचं. भरल्यावर पुढे काय? पुढे काही नाही. वही मिटायची. हे ‘काही नाही’ लोकांना फार झोंबतं. लोणचं घातलं तर खाता येतं, स्वेटर विणला तर घालता येतो, दारात रांगोळी काढली तर निदान तुडवता तरी येते. वहीतल्या पानाचं करायचं काय? सासूबाई एकदा बराच वेळ माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “शाळेत भेंडीचे ठसे मारायचो, तेच ना हे? फक्त भेंडी स्वस्त होती.”

भेंडी स्वस्त होती हे मला मान्य आहे. शिवाय भेंडीला हवामान लागत नव्हतं. शायांना लागतं. डाय इंक कागदात मुरते, चटकन वाळते, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. पिगमेंट इंक कागदात शिरतच नाही. जेवणं आटोपली तरी सोफ्यावरून न हलणाऱ्या पाहुण्यासारखी वरच बसून राहते. पुण्याच्या उन्हाळ्यात ती वाळते तरी. श्रावणातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. तिच्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरवून गरम हवा दिली की पावडर वितळून फुगीर, चकचकीत रेघ होते. त्याला हेअर ड्रायर चालत नाही. त्याच्या वाऱ्यानं पावडर वितळायच्या आधीच उडते आणि मग तूरडाळीत सोनेरी चमचम सापडते. म्हणून हीट गन लागते. ती मी बोहरी आळीतून आणली. दुकानदारानं विचारलं, “पाइपाला हवीये का वायरिंगला?” म्हटलं, “फुलपाखराला.” त्यानं मुकाट्यानं बिल केलं. बोहरी आळीत तुम्हाला कारण एकदाच विचारतात, म्हणून मला ती आळी आवडते.

आमच्या इमारतीत तसं नाही.

परवाचं पान रात्रीच्या आभाळाचं होतं. कागदावर आधी जेसोचा, म्हणजे पांढऱ्या अस्तर-रंगाचा हात, त्यावर पंचांगाच्या पट्ट्या, मग एक वाटी पालथी घालून तेवढा गोल कापून झाकला आणि भोवती स्पंजनं निळी शाई थोपटत नेली, आधी फिकी, मग गडद, कडेला जवळजवळ काळी. झाकलेला गोल उचलला तर खाली पांढराशुभ्र चंद्र. खाली फर्न, बाजूला फुलपाखरू, कोपऱ्यात जुन्या टपालाचा वाटावा असा एक ठसा. अख्ख्या पानात तेवढा चंद्रच मी काही न करता सोडला होता, आणि वेळ सगळ्यात जास्त त्यालाच लागला होता.

एवढ्यात सचिव, म्हणजे आमचे काका आले. पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस होती, तिच्यावर घरटी एक सही हवी होती. काका एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेत, पण ते कचेरीला कळलंय, त्यांना अजून नाही. काखेत रेक्झिनची बॅग, बॅगेत सोसायटीचा शिक्का, पॅड, टाचण्या, दोरा. सही पाच सेकंदांत झाली. काका बसले मात्र टेबलाशी, वहीच्या बरोबर समोर. चष्मा बदलला.

“शिक्के का?” त्यांच्या आवाजात जिव्हाळा होता.

“ठसे आहेत काका. नक्षीचे.”

“कुठल्या खात्याचे?”

“खातं नाही. ते फर्न आहे.”

काकांनी फर्न वाचायचा प्रयत्न केला. मग कोपऱ्यात बोट ठेवलं. “हा पोस्टाचा आहे.”

“पोस्टाचा नाही, तसा दिसणारा. विकत मिळतो.”

“म्हणजे नकली?” त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. “वहिनी, हे बाहेर कुणाला दाखवू नका. आणि यावर तारीख कुठाय?”

“पुसट आहे ना, म्हणून दिसत नाही. मुद्दामच.”

“तारीख नाही तर शिक्का कशाला मारायचा?” काका खरोखर दुखावले होते. “आणि या फुलपाखराचा डावा पंख उठलेला नाही.”

“तोही मुद्दाम. जुनं वाटतं त्यानं.”

“आमच्याकडे असा उठला असता तर साहेबांनी प्रकरण परत पाठवलं असतं. पॅडवर शिक्का दाबायचा नसतो, नुसता टेकवायचा. कागदाखाली काहीतरी मऊ घ्यायचं, पेपराची घडी चालते. आणि उचलताना सरळ वर. डुलवायचा नाही.”

संताप याचा आला की हे अक्षरशः खरं होतं. पैसे भरून केलेल्या ऑनलाइन वर्गात एका बाईंनी मंद संगीत लावून मला नेमकं हेच शिकवलं होतं. तिथे मी टिपून घेतलं. इथे चहा ठेवायला उठले.

चहा येईपर्यंत काकांनी पान उलटून पाहिलेलं होतं. अजून ओल्या पिगमेंट शाईमुळे फुलपाखराची सावली समोरच्या पानावर उमटली होती.

“मतपत्रिका बाद,” काका म्हणाले.

काकांनी निवडणुकांची कामं पुष्कळ केली, मतदान यंत्रं यायच्या आधीची. त्यांच्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ. मतदारानं शिक्का मारायचा आणि पत्रिकेची घडी घालून पेटीत टाकायची. घडीत शाई ओली असली तर समोरच्या उमेदवारावरही डाग पडायचा. मग मत कुणाचं? “म्हणून तो शिक्का बाणाच्या फुलीचा केला. स्वस्तिकासारखा दिसतो बघा, टोकं एकाच दिशेला वळलेली. घडीत त्याचा डाग पडला तर टोकं उलट्या दिशेला वळतात. मोजणीच्या माणसाला लगेच कळतं, मत कुठलं आणि डाग कुठला. तुमचं फुलपाखरू दोन्हीकडून सारखंच. यातलं खरं कुठलं, सांगा!”

“फुलपाखरू निवडणुकीला उभं नाहीये काका.”

“आज नाही,” काका म्हणाले.

मला खरं सांगायचं तर ती माहिती आवडली. कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली केवढी सुंदर युक्ती आहे ती! दुसऱ्या कुणी, दुसऱ्या दिवशी, माझ्या वहीवर कप न ठेवता सांगितली असती तर मी आणखी प्रश्न विचारले असते. पण काका आता शाईवर घसरले होते. मतदाराच्या बोटाला लावतात ती शाई म्हैसूरची, १९६२ च्या निवडणुकीपासूनची, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, उन्हात काळी पडते, नखाबरोबर वाढून निघेपर्यंत जात नाही. “याला म्हणतात शाई. तुमची ही डबी केवढ्याची?”

मी किंमत निम्मी करून सांगितली. निम्मी ऐकूनही काका क्षणभर बोलले नाहीत. मग त्यांनी वडिलांच्या काळातल्या घोडाछाप शाईची गोष्ट काढली. कॅम्लिनवाल्या दांडेकरांचा धंदा १९३१ साली त्याच पुड्यांवर सुरू झाला. पुडी पाण्यात कालवली की शाई तयार. त्या शाईत वडिलांची अख्खी नोकरी झाली. आणि इकडे आपण फुलपाखरं काढतोय. हे शेवटचं वाक्य ते बोलले नाहीत. बिस्किट बुडवता बुडवता नुसते माझ्याकडे बघत राहिले.

आणि मग छत्रपती आले. मराठी माणसाच्या कुठल्याही संभाषणात ते उशिरा का होईना येतातच, त्याला माझी हरकत नाही. हरकत त्यांना माझ्याविरुद्ध साक्षीला उभं करण्याला आहे. “महाराजांच्या पत्रात बघा,” काका ताठ बसले. “माथ्यावर राजमुद्रा, प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता. आणि मजकूर संपला की लगेच खाली मर्यादा मुद्रा, मर्यादेयं विराजते. पेशवाईत लेखनसीमा. कशासाठी? तर मजकुराखाली कुणी चार ओळी घुसडू नयेत. कागदावर मोकळी जागा सोडायची नाही, हा नियम आहे. आणि तुम्ही ही एवढी सोडलीत!”

बोट चंद्रावर होतं. बोटाला बिस्किट होतं.

“तो चंद्र आहे काका.”

“कुठे?”

“तीच. मोकळी जागा.”

“मोकळीच आहे ना पण?”

त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद करून आले, तेवढ्यात काम झालेलं. प्रतिपदेच्या चंद्राचं नाव तोंडात असताना या गृहस्थांनी माझ्या पौर्णिमेवर सोसायटीचा शिक्का मारला होता. बरोबर मधोमध, खाली वर्तमानपत्राची घडी घेऊन. गोलात सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, खाली ‘सचिव’. एकही अक्षर पुसट नाही. त्याच्याखाली दिनांक टाकून इनिशिअल.

“आता बघा कसं भरल्यासारखं दिसतंय,” काका बॅग बंद करत म्हणाले. “आणि कुणी काही घुसडणारही नाही.”

संध्याकाळी नवरा आला. पान बघितलं. म्हणाला, “बसलाय मात्र अगदी सेंटरला.” मुलगी म्हणाली, “आई, हे तर कन्सेप्चुअल आर्ट झालं, असंच ठेव.” सासूबाईंना पहिल्यांदाच माझ्या वहीतलं काहीतरी वाचता आलं होतं, त्या खूश होत्या.

मी त्यावर पांढऱ्या जेसोचा हात मारला. ऑफिसच्या पॅडची जांभळी शाई डाय जातीची, ओला हात लागला की पुन्हा विरघळते आणि वर चढते. जेसो वाळता वाळता चंद्र लव्हेंडर झाला आणि त्यातून ‘मर्यादित’ हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. आणखी एक हात. आता शब्द गेला, रंग राहिला. वरून पांढरा कागद चिकटव म्हणे. चिकटवता येतो. पण मग तो चंद्र नसतो, ठिगळ असतं.

नवऱ्याचं म्हणणं, काकांचा हेतू चांगला होता. असेल. पण हा चांगला हेतू नवऱ्याच्या लॅपटॉपवर कधी उमटत नाही. तो नुसता छताकडे बघत बसला तरी “विचार करतोय” म्हणून चहा तिथेच मिळतो. त्याच्या कागदावर मोकळी जागा दिसली म्हणून काकांनी शिक्का काढला असता का? मी टेबलाशी बसले की ते जेवणाचं टेबल होतं. सव्वासातला पसारा उचलायचा असतो, ओल्या पानासकट. आणि फोनवर कुणीही सहज विचारतं, “काही करत नव्हतीस ना?” निळ्या शाईनं दोन्ही हात भरलेले असताना, कानाखाली फोन धरून, मीही “नाही गं, बोल” म्हणते. हे लिहितानाही माझा आवाज चढलाय, विनोदी लिहायला बसले होते.

त्यात काकांनी माझं नाव इमारतभर केलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मार्कलिस्टची झेरॉक्स घेऊन आल्या, ‘सत्यप्रत’ मारून मिळेल का म्हणून. माझ्याकडे फर्न आहे म्हटल्यावर त्या जरा विचारात पडल्या, मग म्हणाल्या, “नको, कॉलेज घेणार नाही.”

आणि काल गणपतीची बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं, पण ठराव माझ्याबद्दल झाला. यंदा वर्गणीच्या पावत्यांवर गणपतीचा ठसा असावा, आणि तो मी मारावा, कारण माझ्याकडे सामान आहे आणि मी घरीच असते. मी सांगितलं की या हवेत माझी शाई वाळत नाही. काका म्हणाले, आमच्या पॅडची वाळते, आणि पॅड टेबलावर ठेवलं. मग पावतीपुस्तकांचा गठ्ठा ठेवला. मी मानधनाचं विचारलं. काकांना वाटलं मी गंमत करतेय, ते मोकळेपणानं हसले.

“छंदाचे कसले पैसे घेता वहिनी!” चपला घालताना मागे वळून म्हणाले, “आणि सोंड पूर्ण उठली पाहिजे हं. मुद्दाम वगैरे नको.”