बाटवायला आले होते म्हणे!

आज सकाळी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या फक्त बाटवायला, आणि तिथे शिकलेले सगळे मनाने गुलाम. खाली धडाधड अंगठे. ग्रुप कुणाचा? धोबीतलावच्या सेंट झेवियर्स हायस्कूलचा! डोकंच फिरलं माझं.

अरे, १८६९ पासूनची शाळा ती. गिरगावातले आपण चाळकरी, पारशी, बोहरी, कॅव्हेलचे कॅथलिक, सगळे एका बाकावर. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, तासाला कॅथलिक मुलं उठून दुसऱ्या वर्गात जायची, आपल्याला मॉरल सायन्स. आपल्यातलं कोण बाटलं? एक नाव सांगा. गावसकर आपल्या शाळेचा म्हणून मिरवायला मात्र सगळे पुढे!

मला आठवतात ते आमचे स्पॅनिश फादर. सहामाहीत माझे मार्क घसरले, आणि एका संध्याकाळी पांढरा झगा सावरत ते आमच्या चाळीचा लाकडी जिना चढून वर आले. मी मोरीत लपलो. आईने चटई टाकली, चहा दिला. त्यांनी तो आपल्यासारखा बशीत ओतून घेतला. रागावले नाहीत. मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच विचारलं, "अभ्यासाला बसतो कुठे?" आईने गॅलरीतला दिवा दाखवला. त्याच्याखाली पत्त्यांचा डाव रंगलेला. त्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर एक वर्ग आमच्यासाठी उघडा राहू लागला.

हा त्या एका माणसाचा चांगुलपणा होताच, पण त्यामागे मोठी परंपरा होती. आमचे फादर ज्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे, त्या जेझुइटांनी १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावात शाळा काढली, ती फी न घेता. १५९९ मध्ये शिकवायची सगळी रीत नियमावलीत बांधली. रोजची उजळणी, वादविवाद, सगळं त्यात आहे. आणि शिक्षकाने कुणाला कमी लेखू नये, गरीब मुलाच्या प्रगतीकडे श्रीमंताच्या मुलाइतकंच लक्ष द्यावं, हेही त्यात आहे. चाळीचा जिना चढण्यामागे हे होतं. १७७३ मध्ये खुद्द पोपने हा संघ बरखास्त केला, १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. मुंबईतल्या जर्मन फादरांना पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी शत्रू ठरवून घालवून दिलं, तरी शाळा बंद पडली नाही. पुढे स्पॅनिश फादर आले.

गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जे केलं ते भयंकरच, त्यावर पांघरूण घालणार नाही. शाळेत छडी बसायची आणि मराठी बोललं की डोळे वटारले जायचे, तेही खरं.

पण आज? नातवाचे मार्क घसरले की ॲपवर लाल खूण येते, सोबत जादा कोचिंगचं पॅकेज. फी लाखांत. पोरगा अभ्यासाला बसतो कुठे, हे विचारायला कुणी येत नाही. आणि आपण त्या जिना चढणाऱ्यांना शिव्या घालतो!

सगळ्यात लागलं ते वेगळंच. फॉरवर्ड टाकणारा त्याच उघड्या वर्गात माझ्या शेजारी बसायचा. दहावीचं गणित आम्ही तिथेच सोडवलं. त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण लिहिता लिहिता राग थोडा निवला. संध्याकाळी त्याला फोन करतो.

बॅचमधल्या कुणाकडे फादरांचा फोटो असेल तर पाठवा रे. माझ्याकडे एकही नाही.