सोयाबीन कुठून आलं, तेवढं आधी सांगा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. भावकीच्या, शाळेच्या बॅचच्या, ठिबकवाल्याच्या आणि सोयाबीन भावाच्या. मजकूर थोडक्यात असा: 'परदेशी विद्यापीठांशी करार म्हणजे शाल, नारळ आणि फोटो. साठ वर्षांत त्यातून मराठवाड्याच्या बांधावर काडीही आली नाही. उलट गोरे येऊन आपलं बियाणं नि ज्ञान घेऊन जातात. हवामान त्यांनी बिघडवलं, निस्तरायचं आपण? हाच पैसा शेततळ्यांना द्या.' खाली, 'पटलं तर पुढं पाठवा.' मला अर्धंच पटलं, म्हणून पुढं न पाठवता लिहायला बसलो.

'काडीही आली नाही' हे वाक्य सोयाबीन भावाच्या ग्रुपवर यावं, ही मोठी गंमत. आमच्या आज्यानं सोयाबीन पाहिलंही नव्हतं. १९६०च्या दशकात अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ आणि आपली पंतनगर व जबलपूरची कृषी विद्यापीठं यांनी मिळून अमेरिकी वाणांच्या चाचण्या घेतल्या. ब्रॅगसारखे वाण तेव्हाचे. पुढं परभणीनं आपले वाण काढले. एमएयूएस ७१ मधलं 'एमएयू' म्हणजे तेव्हाचं मराठवाडा कृषी विद्यापीठच. आता सोयाबीनला भाव मिळत नाही, खरं आहे. पण तो राग विद्यापीठावर काढून काय होणार?

तुरीचंही तसंच. बीएसएमआर ७३६ मधला 'बी' बदनापूरचा आणि 'एसएम' स्टरिलिटी मोझॅकचा, म्हणजे तुरीवरच्या वांझ रोगाचा. या वाणाचा एक जनक आयसीपी ७२१७, म्हणजे हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संग्रहातला. ज्वारीत 'परभणी शक्ती' आहे, २०१८ची, इक्रिसॅट आणि परभणी विद्यापीठ दोघांची. तिच्या किलोभर दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असतं, नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरंच जास्त.

आणि बीबीएफ! कृषी सहायक दर जूनला ज्याचं नाव जपतो, तो रुंद वरंबा आणि सरी. पाऊस कोसळला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल धरून राहते. काळ्या जमिनीसाठी पटणचेरूत सत्तरच्या दशकात हे बसवलं गेलं. त्यासाठी तिथं बैलांनी ओढायचा चाकांचा एक गाडा होता, ट्रॉपिकल्टर. मूळ आराखडा झाँ नोल या फ्रेंच माणसाचा. शेतकऱ्यांनी तो गाडा घेतला नाही. महाग पडत होता, आणि आपल्या तिफण-वखरानं कमी पैशात काम भागत होतं. गाडा गेला, वरंबा मात्र राहिला. आज तोच ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्रानं पडतो. परदेशातून आलेलं सगळं आपण डोळे मिटून घेतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा गाडा आठवावा.

शाल-नारळाबद्दल मात्र मेसेज खोटं बोलत नाही. मी स्वतः असा एक कार्यक्रम पाहिला आहे. जेवण उत्तम होतं. दोन वर्षांनी त्या कराराचं काय झालं विचारलं, तर फाईल कुणाच्या टेबलावर आहे हेही कुणाला सांगता आलं नाही. असले करार कागदावरच मरतात, आणि त्यांच्या बातम्या छापणाऱ्यांनी वर्षभरानं परत विचारायलाही जायला हवं. पण दहा करार मेले म्हणून अकराव्यातून आलेली तूर खोटी ठरत नाही.

बियाणं आणि ज्ञान नेतात, ही भीती उगाच नाही. आमच्या वसमतच्या हळदीलाच विचारा. हळदीनं जखम भरते, या गुणाचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिळालं होतं, तेही एका विद्यापीठाला, मिसिसिपीच्या वैद्यकीय केंद्राला. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, जुने संदर्भ पुढं ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. लढाई जिंकली ती लिहून ठेवलेल्या पुराव्यावर. त्यानंतर २००२चा जैवविविधता कायदा आला, आणि परदेशी माणसाला आपलं जैविक साहित्य परवानगीशिवाय नेता येईना. तेव्हा करारात बियाण्याबद्दलचं कलम काय आहे ते विचारा, माहितीच्या अधिकारात प्रत मागा. दार लावून बसलं तर आयसीपी ७२१७ कुठून आणणार होतो?

हवामान त्यांनी बिघडवलं, हेही खरं. एका अमेरिकनामागं वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्यामागं २. पण मांजरा नदी हा हिशेब बघत नाही. २०१६च्या एप्रिलात धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५च्या सप्टेंबरात त्याच मांजरेला असा पूर आला की काठची उभी पिकं गेली. नुकसानीचं बिल श्रीमंत देशांना द्यायचं तर त्याला पुरावा लागतो. मार्च-एप्रिल २०२२च्या उष्णतेच्या लाटेची शक्यता हवामान बदलानं सुमारे ३० पट वाढवली, हे आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी परदेशी विद्यापीठांतल्या मंडळींबरोबर मोजलं. त्याच वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हानी-नुकसान निधीचा, म्हणजे हवामान बदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांना भरपाईसाठी मदत देण्याचा, निर्णय झाला. असा पुरावा एकट्यानं मांडला तर समोरचा म्हणतो, तुमचं काय, तुम्ही तसंच म्हणणार. दोघांच्या सह्या असल्या की त्याला हे म्हणता येत नाही.

राहिला पैसा. बहुतेक सामंजस्य करारांत पैसाच नसतो, तेव्हा तो शेततळ्याकडं वळवणार कुठून? जिथं असतो तिथंही कामाला बांधलेला असतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या गावांत चाललेल्या 'पोकरा'त, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, जागतिक बँकेचा पैसा आला, तो कर्ज म्हणून. दान म्हणून नाही, हे कुणी सांगत नाही. त्यातून शेततळीही झाली. पण त्याच प्रकल्पात आयआयटी मुंबईनं गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली: पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिकं किती पिणार. हा ताळेबंद न मांडता तळं खोदलं की काय होतं ते आमच्या शिवारात दिसतं. तीन शेततळी आहेत, खाली चांगला जाड कागद अंथरलेला. तिन्ही पावसाच्या नाही, बोअरच्या पाण्यानं भरतात.