स्टोक रोची विहीर: फॉरवर्डमध्ये काय खरं, काय खोटं

'ज्या इंग्रजांनी आपल्याला लुटलं, त्यांच्याच तहानलेल्या गावाला विहीर बांधून देऊन काशीनरेशांनी त्यांची जिरवली. गाव आजही तेच पाणी पितं, पण इंग्रजांनी ही गोष्ट दडवली.' हा मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. विहीर खरी आहे, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या स्टोक रो गावात. पण तिची खरी गोष्ट या मजकुरात हरवली आहे.

आधी जिरवण्याचं. काशीनरेश महाराजा ईश्वरीप्रसाद नारायण सिंह १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूने होते. हे रुचो न रुचो, सूडाची कथा इथेच संपते. विहिरीमागे होता स्नेह. एडवर्ड रीड हे इंग्रज अधिकारी स्टोक रोजवळच्या इप्सडेनचे. त्यांनी १८३१ मध्ये आझमगढकडे लोकांसाठी विहीर खोदवली होती. इप्सडेनच्या मुलखात घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून एका पोराला आईने मारलं, ही हकीकत त्यांनी महाराजांना सांगितली होती, असं म्हणतात.

इंग्रजांना विहिरी खणता येत नव्हत्या, असंही काही जण पुढे जोडतात. पण अडचण जमिनीची होती. स्टोक रो चिल्टर्नच्या टेकड्यांवर आहे, त्या खडूच्या, पाऊस पडला की पाणी थेट खोल मुरतं. म्हणून लोक डबक्यांवर भागवायचे. इथे पाण्यासाठी ३६८ फूट खाली जावं लागलं, कुतुबमिनारच्या दीडपट! जेमतेम चार फूट रुंदीची ही विहीर हातांनी खोदली गेली. पैसा महाराजांचा, काम वॉलिंगफर्डच्या वाइल्डर कारखान्याचं. त्या अंधारात उतरलेल्या मजुरांबद्दल फॉरवर्डमध्ये एक शब्द नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि सर्वांत सुंदर भाग तर कुणी सांगतच नाही. १८६४ मध्ये विहीर खुली झाली, पाणी सगळ्यांना फुकट. मग डागडुजीचा खर्च कुठून काढायचा? शेजारी चेरीची बाग लावली, 'ईश्री बाग'. चेरी विकून विहीर सांभाळायची. राखणदाराला राहायला छोटं घरही बांधलं. आपल्याकडे योजनेचं उद्घाटन होतं आणि वर्षभरात पंप बंद पडतो. देखभालीचा विचार इतका आधी करणारा दाता विरळाच.

'आजही पितात' हे चूक. सत्तरेक वर्षं विहीर चालली, मग नळ आले.

दडवलं म्हणावं, तर विहिरीवर घुमट आहे, सोनेरी हत्ती आहे, महाराजांचं नाव आहे. १९६४ मध्ये शताब्दीला राणीचे पती प्रिन्स फिलिप स्वतः तिथे गेले होते.