पडलेल्या सिनेमावर जीव कसा टाकावा

हिट सिनेमा आवडतो असं चारचौघांत सांगू नका. तो सगळ्यांनाच आवडतो, त्यात तुमचं काय कौतुक? आपली अभिरुची उठून दिसायची असेल तर एखादा आपटलेला सिनेमा धरा. शोधाशोध करायची गरज नाही, यादी तयार आहे आणि सगळ्यांकडे तीच आहे. ‘जाने भी दो यारो’, ‘अंदाज अपना अपना’, ‘तुंबाड’. जरा गंभीर दिसायचं असेल तर ‘कागज के फूल’. तो पूर्ण पाहिलेला असण्याची सक्ती नाही. स्टुडिओच्या अंधारात वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत आठवा, छायालेखकाचं नाव घेत ‘व्ही. के. मूर्ती!’ म्हणा आणि सावकाश मान हलवा. भागतं.

सिनेमा पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं कोणी विचारायच्या आत ‘त्या काळचे प्रेक्षकच तयार नव्हते’ हे वाक्य टाकून मोकळे व्हा. आता 1994 सालचे प्रेक्षक म्हणजे कोण? तुमचे काका, मावश्या, आईवडील आणि वय थोडं जास्त असेल तर तुम्ही स्वतः. या मंडळींनी त्या वर्षी ‘हम आपके हैं कौन’ सहकुटुंब सहपरिवार पाहिला, पाहुणे आले की पुन्हा पाहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तोच सलमान, जोडीला आमिर, राजकुमार संतोषींच्या ‘अंदाज अपना अपना’त आला, तर कोणी ढुंकून बघितलं नाही. पण आज विचारा. घरातल्या प्रत्येकाने तो पहिल्याच आठवड्यात पाहिलेला असतो. एवढ्या जणांनी पाहिला तर मग पडला कसा, असला चोंबडा प्रश्न विचारू नका.

‘अंडररेटेड’ म्हणायला विसरू नका. ज्या सिनेमाचे टी-शर्ट निघालेत त्याला तर हमखास म्हणा.

किस्से पाठ हवेत. ‘जाने भी दो यारो’ला एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा पैसा होता, सगळा खर्च सात लाखांच्या आसपास, नसीरुद्दीन शहांच्या गळ्यातला कॅमेरा त्यांचा स्वतःचा, आणि सिनेमातल्या दोन फोटोग्राफर नायकांना विनोद चोप्रा, सुधीर मिश्रा ही नावं युनिटमधल्याच दोघांवरून दिलेली. सांगताना आवाज असा लावा की ते सात लाख तुम्हीच उसने दिले होते. दारू प्यायलेला ओम पुरी शवपेटीला मोटार समजून आतल्या प्रेताशी बोलत बसतो, तो प्रसंग किती देखणा लिहिलाय, यावर मात्र फार बोलू नका. त्यासाठी सिनेमा बघावा लागतो.

आता मुख्य साधना. थिएटर. जुना सिनेमा पुन्हा लागला की जायचंच. बघायला नाही, म्हणायला. संवाद पात्राबरोबर म्हणणं हे नवशिक्यांचं काम, खरा भक्त पात्राच्या आधी म्हणतो. ‘अंदाज अपना अपना’ पुन्हा लागला तेव्हा माझ्या मागच्या रांगेत असे एक सिद्धपुरुष बसले होते. पडद्यावर क्राइम मास्टर गोगोचा अजून पत्ता नाही आणि मागे गोगो येऊन, धमकी देऊन, स्वतःच हसून मोकळा! विजू खोटेंचा रॉबर्ट तोंड उघडणार, तेवढ्यात मागून ‘मिस्टेक! मिस्टेक!’ अहो महाराज, ती ओळ काय, तुमच्या फोनवरच्या स्टिकरमध्येही आहे. गंमत विजू खोटेंच्या त्या निरागस चेहऱ्यात आहे, आपण काहीतरी शहाणपणाचं बोलतोय अशा थाटात ते ज्या पद्धतीने ते म्हणतात, त्यात आहे. ते ऐकायलाच तर तिकीट काढून आलो ना आम्ही? गाणं लागलं की समोर फोनांचं रान उगवायचं, आणि त्या फटीतून दिसेल तेवढा रवीना-करिष्माचा तुकडा आमच्या वाट्याला. मोठ्या पडद्यावरचा सिनेमा छोट्या पडद्यावर उतरवून घरी नेऊन बघायचा असेल तर घरीच का नाही बसत तुम्ही?

मध्यंतरात मी मागे वळून शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, “जरा ऐकू द्याल का हो?” तर म्हणतात, “मॅडम, कल्ट पिक्चर आहे. असाच बघतात. पहिल्यांदा बघताय वाटतं?”

पहिल्यांदा!

पहिल्यांदा बघणारं एक जण तिथे होतं, ते यांच्याच शेजारी. दहाएक वर्षांचा मुलगा. त्याला कोपराने ढोसत बाबांचं सुरू होतं, “थांब थांब, आता बघ काय म्हणतो.” आणि मग स्वतःच म्हणून टाकायचं. मध्यंतरानंतर मी निमूट त्याच्याकडे लक्ष ठेवून होते. पोरगं पडद्याकडे बघून हसतच नव्हतं. आधी बाबांकडे बघायचं, ते हसले की मग हसायचं. परेश रावळ जुळ्या भावांच्या रूपात समोरासमोर उभे, राम गोपाल कोण आणि तेजा कोण या घोळावर सगळा डोलारा, आणि या माणसाने तो घोळ आधीच फोडून ठेवलेला. कुठलाही सिनेमा पहिल्यांदा एकदाच बघता येतो. त्या पोराचा तो एकदा त्याच्या बापाने खाऊन टाकला, वर ‘आवडला ना?’ म्हणून विचारलं. पोरगं ‘हो’ म्हणालं. काय म्हणणार?

असो. सल्ले संपलेले नाहीत.

कलाकार गेला की तासाभरात स्टेटस लागलं पाहिजे. सतीश शहा गेले त्या दिवशी ज्यांना ‘जाने भी दो यारो’तल्या त्यांच्या डिमेलोच्या प्रेताचा फोटो वेळेत सापडला नाही ते साधे चाहते समजावेत.

‘तुंबाड’वर बोलताना दिग्दर्शक राही अनिल बर्वे मराठी आहेत इथून सुरुवात करा, लगेच श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’ मध्ये आणा, आणि दोहोंचं नातं नावापुरतंच आहे असं कोणी सांगितलं तर त्याला ब्लॉक करा. ऑक्टोबर 2018 मध्ये तो लागला तेव्हा जाऊ नका. वर्षानुवर्षं पावसाळ्यात खपून, खऱ्या ओल्या काळोखात टिपलेला सिनेमा लोकलमध्ये उभ्याने, फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. ‘काय सिनेमॅटोग्राफी आहे!’ असं लिहा. मग सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागून पहिल्या खेपेपेक्षा जास्त धंदा करतो तेव्हा ‘शेवटी न्याय मिळाला’ म्हणून डोळे पुसा.

मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत यावर महिन्यातून एकदा कळकळीने लिहा. सकाळचा शो मिळाला की ‘एवढ्या सकाळी कोण जाणार’. रात्रीचा मिळाला की ‘उद्या ऑफिस आहे’. संध्याकाळचा मिळाला की ‘ओटीटीवर येईलच की’. पुढच्या शुक्रवारी तो उतरला की ‘आपल्याकडे चांगल्या सिनेमाची कदर नाही’. आपल्याकडे म्हणजे कोणाकडे हो? तुमच्याकडे!

बास झालं. कुंदन शहांनी 1983 मध्ये ‘जाने भी दो यारो’ केला. पहिल्याच सिनेमाला पदार्पणाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मोठ्या पडद्यावर त्यांचा पुढचा सिनेमा, ‘कभी हां कभी ना’, आला 1994 मध्ये. मधली अकरा वर्षं? ‘नुक्कड’ आणि ‘वागले की दुनिया’ त्यांनी दिल्या हे टीव्हीचं नशीब. पण ‘जाने भी दो यारो’तला महाभारताचा तो प्रवेश ज्याने रचला त्याने त्या अकरा वर्षांत पडद्यासाठी आणखी काय केलं असतं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. गुरुदत्तांनी 1959 च्या ‘कागज के फूल’नंतर दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावलं नाही. 1964 मध्ये गेले. वय 39. तुमचं ते मान हलवणं त्यांच्या काय कामाचं?

सिनेमाला तुमच्या प्रेमाची गरज नाही. तो रिळावर पडून राहतो, तीस वर्षांनीही तसाच निघतो. करणारा माणूस थांबू शकत नाही, त्याला कर्ज फेडायचं असतं, पुढच्या सिनेमासाठी कोणाच्या तरी दारात उभं राहायचं असतं, आणि तिथे पहिला प्रश्न विचारतात तो मागच्याने किती कमावले हाच. त्या उत्तरात तुमचं एक तिकीट हवं होतं, आणि ते नव्हतं.

या शुक्रवारीही असा एखादा लागला असेल. त्याचा ट्रेलर तुम्ही ‘वाट बघतोय’ लिहून चार ग्रुपवर ढकललेला आहे. उठा आणि जा. आवडला नाही तर बाहेर येऊन शिव्या घाला, मी कोण अडवणार? पण घरी बसून तो पाडलात, तर पंचवीस वर्षांनी माझ्या मागच्या रांगेत येऊन त्याचे संवाद म्हणू नका. आणि आत्ता गेलात तर फोन खिशात ठेवा, पोराला कोपराने ढोसू नका, तोंड बंद ठेवा.