‘चोचले’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की घरातल्या कॅलेंडरवर पुढच्या दोन-तीन महिन्यांतली एक तरी गोष्ट अशी लिहून ठेवावी की जिची वाट पाहावीशी वाटेल, मग ती मंडई म्हणजे आमच्याकडची भाऊबीजेनंतरची गावजत्रा असो, नाटक असो, ताडोबाची सफारी असो नाहीतर नुसता बहिणीकडचा दोन दिवसांचा मुक्काम. त्यावर एका दादांनी लिहिलंय, जसंच्या तसं देते:

“ताई, लेख वाचून हसू आलं. हे सगळे पगारदारांचे चोचले. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे त्याच्या कॅलेंडरवर फक्त हप्त्याची तारीख असते. आमच्या आईबापांनी आयुष्यात असलं काही प्लान केलं नाही तरी सुखात जगले. शिवाय ठरवलेलं झालं नाही की माणूस जास्तच खचतो, त्याचं काय? आणि ऑगस्टात ताडोबाला कोण जातं? गेट बंद असतात. आम्ही पुण्यात राहून एवढं माहीत ठेवतो. आधी माहिती घ्या मग लिहा.”

ताडोबाचं तुमचं बरोबर आहे दादा, चूक माझी. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरचे, म्हणजे जंगलाच्या गाभ्याचे, गेट बंद असतात, आणि एरवीही मंगळवारी सफारी नसते. मी घाईत ऑगस्ट लिहून गेले. बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, पावसाळ्यातही जाता येतं, पण मी ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे तो बचाव मी करत नाही.

पण चूक दाखवायला “हसू आलं” लिहावं लागतं का? “ताई, ऑगस्टात गेट बंद असतात” एवढं लिहिलं असतं तरी मी त्याच दिवशी दुरुस्त केलं असतं. मी दिवसभर बांधावर असते, रात्री भांडी झाली की मोबाईलवर एका बोटाने टाईप करते, तो लेख लिहायला मला चार रात्री लागल्या. आवडला नाही तर नाही म्हणा, कोणी अडवलं नाही. हसू कशाचं आलं ते मात्र मला खरंच कळलं नाही. आणि “माहिती घ्या मग लिहा” हे वाक्य आमच्यासारख्या गावातल्या बायांनी जन्मभर ऐकलंय, माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, ग्रामसभेत हात वर केला तेव्हाही ऐकलं, त्यामुळे ते लागतं. लागलं म्हणून तर एवढं लांब लिहितेय.

आता तुमचं ते वाक्य, “आमच्या आईबापांनी असलं काही प्लान केलं नाही”. हे मी तीनदा वाचलं.

तुमचे आईवडील कसे जगले ते तुम्हाला माहीत, त्यावर मी बोलणार नाही. माझे सांगते. माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडचं, घरी तीन एकर धानाची बांधी, पाणी तलावाचं, म्हणजे शेवटी वरच्याच्या भरवशावर. प्लान हा शब्द त्या घरात कोणाला माहीत नव्हता, पण माझ्या आईइतकी ठरवून जगणारी बाई मी अजून पाहिली नाही. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, चिखलात कमरेत वाकून उभी असली की तिच्या बोलण्यात मंडई असायची. कोणाला आवतन धाडायचं, कोणती लेक भाऊबीजेला येणार, जावई किती, वडे कशात तळायचे, नाटक कोणत्या कंपनीचं. मंडई भाऊबीजेनंतर आणि बोलणं चाललंय जुलैमध्ये! बाकीच्या बायाही तेच बोलायच्या. एका ओळीत दहा-बारा बाया वाकलेल्या, वरून पाऊस, पायाला जळवा, आणि तोंडात चार महिन्यांनंतरची रात्र. मी लहान होते, बांधावर धाकट्या भावाला घेऊन बसायचे, मला वाटायचं मंडई उद्याच आहे.

आणि नाटक आपोआप होत नाही दादा. पुण्यात तुम्ही संध्याकाळी तिकीट काढून आठ वाजता जाऊन बसत असाल, आमच्याकडे गावाला नाटक कंपन्यांचं ठाणं असलेल्या वडशाला जाऊन आधी कंपनी ठरवावी लागते, इसार द्यावा लागतो, तारीख धरावी लागते, चांगली कंपनी दुसऱ्या गावाने आधी धरली तर त्यावर गावात भांडणं होतात. मग मांडव, मग माती खोदून बसायची जागा उताराची करायची म्हणजे मागच्यालाही दिसतं. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं. ह्याच आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही अख्खी रंगभूमी कशावर उभी आहे? धान निघाल्यावर आपण नाटक बघणार असं ज्यांनी पेरणीतच ठरवलं त्या लोकांवर उभी आहे. त्यातला किती जण पगारदार होता ते तुम्हीच सांगा.

एक वर्ष असं आलं की पाणी लागलंच नाही. लोंबी भरायच्या वेळेला तलाव आटला, धान पोचट निघालं. वर कर्ज होतंच, तुमच्या त्या सोसायटीचंच. बाबा म्हणाले यंदा कोणाला बोलावू नका, नाटक नाही, काही नाही. आई त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी म्हणाली, “धान गेला त गेला, मंडई काई गेली नाई.” तांदळाच्या डब्यात तिने नाण्यांची पुरचुंडी ठेवलेली होती, वर्षभर तांदूळ मोजता मोजता एकेक टाकलेलं. त्या वर्षी वडे झाले नाहीत, कोणी पाहुणा आला नाही, पण आम्ही पाचही जण खाली बसायच्या तिकिटावर पूर्ण नाटक पाहिलं, आणि सकाळी परत येताना बाबा धुक्यात मोठमोठ्याने नाटकातलं गाणं म्हणत होते. तो माणूस दोन महिने घरात कोणाशी धड बोललेला नव्हता. ह्याला तुम्ही चोचले म्हणता? माझ्या आईच्या त्या पुरचुंडीला?

रागात लिहितेय असं वाटत असेल तर हो, रागातच लिहितेय.

आणि जुन्या लोकांना आधीपासून वाट पाहणं माहीत नव्हतं म्हणणाऱ्याने पोळ्याच्या आदल्या रात्री गोठ्यात येऊन उभं राहावं. खांदशेकणी असते. बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि मग त्याच्या कानाशी म्हणतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” तो बैल काय दुसरीकडे जेवायला जाणार आहे का, उद्या त्याच गोठ्यात असणार आहे. तरी त्याला आदल्या दिवशी सांगतात. मुक्या जनावरालाही उद्याचं आज कळावं, त्याचीही एक रात्र आनंदात जावी, एवढं ज्यांना सुचलं त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिता की असलं काही ठरवत नव्हते.

पोळ्याचं निघालंच आहे तर माझ्या घरचंही सांगते, लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझे मालक मोहाच्या झाडावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. ज्या दवाखान्यात नेलं तिथे रॉड टाकला आणि तीन महिने पलंग सोडायचा नाही म्हणून सांगितलं. उभा आडवा राबणारा माणूस, पंधरा दिवसांत भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. जेवायला दे म्हणायचे नाहीत, दिलं तर अर्ध्यात सोडायचे. तेव्हा मी समोरच्या भिंतीवर चुन्याने ‘पोळा’ लिहिलं आणि खाली दिवसांच्या रेघा ओढल्या, रोज संध्याकाळी एक पुसायची. पहिले आठ दिवस त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. मग एक दिवस मी विसरले तर म्हणाले, “आजची रेघ पुसाची हाये.” त्यानंतर झुलीचा कपडा कोणता, बेगड किती, शिंगांना रंग कोणता यंदा, असं पलंगावरून सुरू झालं. मुलाला जवळ बसवून मटाट्या, म्हणजे बैलाच्या डोक्यावरची सजावट, त्यांनी स्वतः बनवल्या. पोळ्याला काठी टेकत तोरणाखाली गेले, जोडी मुलाच्या हातात आणि एक हात त्यांचा बैलाच्या पाठीवर. पाय हाडाच्या डॉक्टरने बरा केला, ते मी नाकारत नाही. पण माणूस पलंगावर परत बसता झाला तो त्या रेघांमुळे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि पुण्यातून कोणी हसलं म्हणून ते खोटं होत नाही.

लेखात मी जो नेदरलँड्सचा अभ्यास दिला होता त्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. २०१० साली छापलेला आहे, १५३० माणसांचा. सुट्टीवर जाणारे लोक जायच्या आधीच न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते, आणि परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नाही. म्हणजे गोडी जास्त वाट पाहण्यात होती. मेंदूचा अभ्यास करणारे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले, त्यातही तेच. दिवा लागल्यावर फळाचा रस मिळतो हे माकडाला एकदा कळलं की मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाच्या पेशी रस मिळताना नाही, दिवा लागतानाच जाग्या होतात. माझ्या आईला डोपामिन माहीत नव्हतं, रोवणीतली मंडई माहीत होती.

हप्त्याच्या तारखेचं तुमचं वाक्य टाळ्यांचं आहे, त्यावर काय बोलू. हप्त्याची तारीख आमच्याही कॅलेंडरवर आहे, लाल पेनने. त्याच पानावर दुसरं काही लिहायला जागा असते, एवढंच मी म्हटलं होतं. कर्ज कसं फेडावं यावर माझा लेख नव्हता.

आणि ठरवलेलं झालं नाही तर माणूस खचतो म्हणता. खचतो थोडा. आमच्या मामांची शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी होती, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी आणली, लोकांनी जोड्या विकल्या, मामांनी ठेवली. पुढच्या वर्षी सुरू होईल, पुढच्या वर्षी होईल म्हणत २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तोपर्यंत त्यातला एक बैल गेला होता आणि दुसरा म्हातारा झाला होता. मामांनी नवी जोडी घेतली. त्यांना विचारा ती सात वर्षं वाया गेली का. मला नाही वाटत ते हो म्हणतील.

तुम्ही पुण्यात असता, गावाकडे येणं होत नसेल, ते समजू शकते. पण मग गावात कोण कसं जगतं ते आम्हाला शिकवू नका. भाऊबीजेनंतर आमच्या गावची मंडई आहे, यायचं असेल तर या, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही, नाटकाचं तिकीट मी काढीन. तिथे माझ्या आईला भेटा आणि ती पुरचुंडीची गोष्ट तिच्याच तोंडून ऐका, मग ‘चोचले’ म्हणायचं असेल तर तिच्यासमोर म्हणा.

ताडोबाचं वाक्य आज दुरुस्त केलं आहे, ऑगस्टच्या जागी नोव्हेंबर टाकलं आणि मंगळवारचंही लिहिलं. बाकी लेख आहे तसाच राहील.