"आमच्याकडं कॅन्सर कमी" हे प्रमाणपत्र मला मान्य नाही

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एकानं मोठ्या अभिमानानं टाकलं, "देशात बायकांना सगळ्यात कमी कॅन्सर कुठं? आपल्या बीड-उस्मानाबादला!" खाली लगेच ज्वारीची भाकरी, शेतातले कष्ट, विहिरीचं पाणी, शहरातल्या बायकांचे लाड आणि पिझ्झा असं सगळं सुरू झालं. अंगठे धडाधड उमटले. मी तिथं काही लिहिलं नाही, कारण ग्रुपवर लिहिलं की "पुण्याला गेली आणि शहाणी झाली" हे ठरलेलं उत्तर येतं. म्हणून इथं लिहिते. लांब होणार आहे, आधीच सांगते.

आकडा खरा आहे. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालात उस्मानाबाद आणि बीड (उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय, पण नोंदणी जुन्याच नावानं आहे) मिळून बायकांमधलं प्रमाण दर लाखामागे वर्षाला ४९.४ आहे. कुठं म्हातारी माणसं जास्त, कुठं तरुण, तो फरक काढून टाकल्यावरचा हा आकडा. देशातल्या सगळ्या नोंदणी केंद्रांमध्ये तो तळाला आहे. सगळ्यात वर अरुणाचल प्रदेशातला पापुम परे जिल्हा, २१९.८. म्हणजे चौपटीहून जास्त. हैदराबाद, जी निजामाच्या काळी आपलीच राजधानी होती, तिथं एकट्या स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण ४८ आहे. आपल्याकडं सगळे कॅन्सर धरून जेवढं होतं, जवळजवळ तेवढं तिथं एकाच अवयवाचं.

मग भाकरीला श्रेय द्यायला काय हरकत आहे? थोडं द्या. लग्न उशिरा, पहिलं मूल तिशीला, एक किंवा दोनच मुलं, अंगावर पाजणं कमी, वजन जास्त, या सगळ्यानं स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि शहरात हे सगळं आहे. आपल्या आज्यांना सहा-सहा लेकरं झाली, दोन-दोन वर्षं अंगावर पाजली, त्यामुळे त्यांना हा आजार कमी झाला. ते काही कुणी ठरवून केलेलं आरोग्यव्रत नव्हतं. बाईला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि "प्रदेश" म्हणजे माती-पाणी एवढंच नसतं. मुंबईचंच बघा. १९६०च्या दशकापासून तिथं नोंदणी आहे, देशातली सगळ्यात जुनी. त्याच शहरात, तेच पाणी पिऊन, पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर इतर समाजांपेक्षा जास्त आढळत आला. लग्न उशिरा किंवा नाहीच, मुलं थोडी, आणि आयुष्य लांब. उत्तरेत गंगेच्या पट्ट्यात बायकांना पित्ताशयाचा कॅन्सर होतो, जो आपल्याकडं क्वचित ऐकायला मिळतो. मिझोरममध्ये बायका तंबाखू ओढतात, तिथं त्यांना फुफ्फुसाचा होतो. मेघालयात सुपारी-तंबाखू आणि अन्ननलिकेचा. केरळात थायरॉइडचा आकडा फुगलेला दिसतो, त्यात मोठा हात सोनोग्राफीचा आहे, कारण मानेवर मशीन फिरवलं की बारीक गाठी सापडतातच. दक्षिण कोरियात हेच झालं, तपासण्या वाढल्या आणि थायरॉइड कॅन्सरची लाट आली, पण त्यानं मरणाऱ्यांची संख्या होती तिथंच राहिली. तेव्हा आकडा बघताना आधी विचारायचं, शोधलं किती होतं?

आपल्याकडं शोधलं कुणी? इथं मला शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. मुंबईत नोंदणी करायची तर दवाखान्यांतली कागदपत्रं चाळली की निम्मं काम होतं. खेड्यात बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, तर कागद कुठून येणार? म्हणून ही माणसं गावोगाव फिरली. पारावर, देवळात बसून लक्षणं सांगितली, अंगावरून जातंय का, जखम भरत नाही का, गाठ आहे का असं विचारत राहिली, जी सापडेल तिला बार्शीला घेऊन आली. त्यातून एक गोष्ट झाली जी कुणी फारशी सांगत नाही. नुसत्या या बोलण्यानं, काही महागडं मशीन न आणता, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या.

हो, गर्भाशयमुखाचा. बार्शीच्या नोंदणीत बायकांच्या कॅन्सरमध्ये पहिला नंबर त्याचा होता, आणि मुंबईत तेव्हा स्तनाचा कॅन्सर त्याला मागं टाकत होता. एकाच राज्यात, एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर, बायकांची दोन वेगळी दुखणी. या एका गोष्टीवर माझं सगळं म्हणणं उभं आहे. कारण गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो, संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तच लागतात, आणि मधल्या काळात, कॅन्सर व्हायच्या आधी, बिघडलेल्या पेशी सापडल्या तर बहुधा थोड्या मिनिटांच्या उपचारात मिटतं. ज्या बाईचा या कॅन्सरनं जीव जातो, तिच्या वाटेत तपासणीला डझनभर वर्षं मिळालेली असतात. आपण ती वाया घालवलेली असतात.

आता ग्रुपवरच्या काकांना बहुतेक माहीत नसलेली गोष्ट. १९९९च्या ऑक्टोबरपासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट करून चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्हीची तपासणी, एकात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी, एकात व्हिनेगरसारखं ॲसिड लावून डोळ्यांनी बघायची तपासणी, आणि चौथ्या भागात नेहमीचंच, म्हणजे तपासणी नाही, फक्त माहिती. आठ वर्षं पाठपुरावा. २००९ साली निकाल छापून आला तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४ मृत्यू, काहीच न केलेल्या भागात ६४. बाकीच्या दोन पद्धतींचा मृत्यूंवर म्हणावा असा फरक दिसला नाही.

त्या चौथ्या भागावरून पुढं बराच वाद झाला, की उपाय माहीत असताना बायकांना तपासणीविना ठेवणं नैतिक आहे का. तो वाद रास्त आहे. मला विचाराल तर मी त्या वादात बायकांच्या बाजूनं आहे. पण त्याहून जास्त मला छळतं ते नंतरचं. जगानं तो निकाल उचलला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही तपासणीच पहिली करा अशी शिफारस केली, आणि त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या शेतमजूर बायकांसारख्यांचा वाटा आहे. आपल्या सरकारनं २०१६ साली तीस वर्षांवरच्या बायकांच्या तपासणीच्या सूचना काढल्या, त्यात पद्धत धरली ती ॲसिडची, कारण ती स्वस्त आणि निकाल तिथल्या तिथं. तीही वाईट नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दर दोन वर्षांनी नेमानं केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण नेम कुठं आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोन धड नाहीत.

त्या दोन टक्क्यांच्या बाहेर काय चालतं ते मी घरात बघितलंय. माझ्या एका चुलत काकूला अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. तिशी नुकतीच उलटलेली. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात सांगितलं, "लेकरं झालीत ना तुला? मग पिशवी काढून टाक, नाहीतर पुढं कॅन्सर होईल." कसली तपासणी नाही, नमुना नाही, नुसता शब्द. काकूनं दोन शेळ्या विकल्या आणि पिशवी काढली. आणि ती एकटी नाही. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, ८२ हजारांवर बायका, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली. कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, पाळी म्हणजे खाडा, फडात संडास नाही, पाणी नाही. त्यात वरून कॅन्सरची भीती घातली की बाई स्वतःच म्हणते, काढा.

आता या बायका कॅन्सरच्या आकड्यात कशा येतात बघा. पिशवी मुखासकट काढली असेल तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर होणार कुठून? पण दर लाखामागचा हिशोब करताना भागायला त्या धरल्या जातातच. म्हणजे आकडा आणखी खाली. किती खाली, हे मी सांगत नाही, सगळी तफावत यानंच आहे असंही नाही. पण "सगळ्यात कमी कॅन्सर" म्हणून टाळ्या वाजवताना कापून टाकलेल्या पिशव्यासुद्धा त्या टाळ्यांत आहेत, एवढं लक्षात असू द्या.

गावच्या स्वच्छ हवेबद्दल पण एक. माझी आजी दुपारच्याला चुलीवर लोखंडी तव्यात तंबाखू भाजायची. काळीकुट्ट झाली की तव्यातच वाटीच्या बुडानं रगडून पूड करायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी मिश्री, जेवण झालं की मिश्री, शेतात भूक लागली की मिश्री. शेजारणी डबी घेऊन यायच्या, अर्धी अर्धी वाटून न्यायच्या. भाजताना घरभर इतका धूर व्हायचा की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. तोंडाच्या कॅन्सरला आणखी काय लागतं? शहरातल्या बाईच्या हातात सिगरेट दिसली की आमची भावकी तोंडाला पदर लावते, मिश्रीला मात्र "दात घासायचं" म्हणते.

आणखी एक आकडा सांगते, मग कामाचं. कॅन्सर किती जणींना होतो आणि झालेल्यांपैकी किती जगतात, हे दोन वेगळे हिशोब आहेत, आणि दुसऱ्यात प्रदेशांचा फरक जास्त बोचतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर सापडल्यावर पाच वर्षं जगणाऱ्या बायका अहमदाबाद शहरात ६१ टक्क्यांवर आहेत, त्रिपुरात ३२च्या आत. आजार तोच. फरक पडतो तो किती लवकर कळलं, किरणोपचाराचं यंत्र किती लांब आहे, आणि सहा-सात आठवडे सोबत कोण राहणार, म्हशी कोण बघणार यात.

लसीचा मुद्दा येईलच, म्हणून आधीच. पुण्याच्या सिरमच्या एचपीव्हीवरच्या भारतीय लसीला २०२२ साली मंजुरी मिळाली, चांगलं झालं, ९ ते १४ वयाच्या पोरींना ती द्यायलाच हवी, माझ्या भाचीला दिली आहे. पण ती लस त्या पोरींच्या आयांना फारशी उपयोगाची नाही. विषाणू ज्यांच्या अंगात शिरून वर्षं झालीत, त्या आज तीस ते पन्नासच्या बायकांना तपासणीच लागणार.

आणि ती कधी? ऑक्टोबरात सगळीकडं गुलाबी फिती लागतात, स्तनाच्या कॅन्सरची भाषणं होतात. ऑक्टोबरात आमच्याकडं मुकादमाचे ट्रक भरत असतात. दुसरं शिबिर ८ मार्चला, महिला दिन. तेव्हा वाडी-तांड्यावर म्हाताऱ्या आणि लेकरं असतात, बायका कोल्हापूर-सांगलीच्या फडात. आलेल्या पाच-पंचवीस जणींचं बीपी मोजून, फोटो काढून शिबिर यशस्वी होतं. हे कॅलेंडर ज्यानं कुणी केलंय त्याला ऊस कधी तुटतो हे ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून काही वाटत नसावं.

पेरण्या उरकल्यापासून ट्रक येईपर्यंत, जुलै ते सप्टेंबर, बाई गावात असते. त्या तीन महिन्यांत एचपीव्हीची तपासणी ठेवा. तिचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, आडोशाला जाऊन, नर्सबाईसमोर पाय फाकवून झोपायची लाज नाही. आशाताईंनी नमुना घ्यायच्या काड्या वाटायच्या, गोळा करायच्या, आणि त्या कामाचे वेगळे पैसे त्यांना द्यायचे, फुकटच्या पुण्यावर नाही. जिच्या नमुन्यात विषाणू सापडेल तिला दिवाळीची वाट बघायला न लावता त्याच महिन्यात ग्रामीण रुग्णालयात बिघडलेल्या पेशी जाळून मोकळं करायचं, कारण एकदा ट्रकात बसली की ती सहा महिने हाताला लागत नाही. आणि पिशवी काढायची असेल तर आधी तपासणीचा कागद दाखवा, हे खासगी दवाखान्यांना बंधनकारक करा.

जिल्हा परिषदेत आमच्या भावकीतले दोघं जण बसतात, ते दोघंही त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. ही पोस्ट त्यांना टॅग करतेय.