गाडीबरोबर तिची माहितीही विकत घ्या

फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदी आणि ट्रम्प यांच्या संयुक्त निवेदनात ‘स्ट्रायकर’ या अमेरिकी चिलखती गाडीचं नाव आलं आणि त्या आठवड्यात नगरहून माझ्या मावसभावाचे तीन फोन आले. (अहिल्यानगर म्हणायला हवं, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे.) भारतानं ही गाडी घ्यावी आणि तिचं उत्पादन भारतातही व्हावं, असं त्या निवेदनात होतं. भावाचा राग मला समजत होता. नगरच्या व्हीआरडीईनं, म्हणजे डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेनं, टाटांबरोबर ‘व्हॅप’ ही आठ चाकांची गाडी तयार केली आहे. ती पाण्यातही चालते. मोरोक्कोच्या सैन्यानं तीच निवडली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे तिच्या कारखान्याचं उद्घाटन आपल्या संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते झालं. “दादा, घरात असताना बाहेर कशाला हात पसरायचे?” हा त्याचा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

इथे ऑर्लँडोत गणपतीला जमणाऱ्या आमच्या मंडळींचा सूर बरोबर उलटा असतो. स्ट्रायकर इराक, अफगाणिस्तानात लढून आलेली गाडी आहे, आपल्या जवानांना सिद्ध झालेलं यंत्र का देऊ नये, असं ते तावातावानं विचारतात. दोन्हीकडचं सगळं बोलणं गाडीभोवती फिरतं. चिलखत किती जाड, इंजिन किती अश्वशक्तीचं, किंमत किती, मध्ये कोणी पैसे खाल्ले का. मी दोघांनाही एकच विचारतो. सीमेवर ती गाडी बंद पडली, तर तिला हात लावणारा मेकॅनिक कोण, आणि तो कशावर शिकून आलेला असेल?

हा प्रश्न मला सुचतो, कारण माझं पोट त्याच कामावर चालतं. ऑर्लँडो म्हटलं की लोकांना डिस्नी आठवतं. पण इथल्या विद्यापीठाला लागून एक संशोधन संकुल आहे आणि त्यात अमेरिकी लष्कर आणि नौदलासाठी सिम्युलेटर, म्हणजे प्रशिक्षणासाठीची नकली यंत्रं, विकत घेणारी कार्यालयं आहेत. त्यांच्या आसपास लहानमोठ्या कंपन्यांचं गावच वसलं आहे. त्यातल्या एका लहान कंपनीत मी अनेक वर्षं काम करतो. लष्करी गाड्यांची तांत्रिक माहिती परदेशी नागरिकाला सरकारी परवानगीशिवाय दाखवायला इथल्या निर्यात कायद्याची मनाई आहे. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मला या कामाचं दारही उघडं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आम्ही जे बनवतो ते गाडी चालवण्याचे किंवा तोफ डागण्याचे सिम्युलेटर नव्हेत. त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रात येतात. आमचं यंत्र दुरुस्ती शिकवतं, त्याला आम्ही ‘ट्रेनर’ म्हणतो. समजा, खऱ्या मापाचा इंजिनाचा भाग, खऱ्यासारखं वायरिंग, खरे कनेक्टर आहेत आणि शेजारी शिक्षकाचा संगणक. शिक्षक तिथून एक बिघाड घालतो. स्टार्टर फिरत नाही, इतकंच शिकणाऱ्या मुलाला दिसतं. त्यानं मॅन्युअल उघडायचं, पायरीपायरीनं जायचं, मल्टिमीटर योग्य पिनेवर लावायचा, आकडा वाचायचा आणि ठरवायचं की बॅटरी गेली, रिले गेला की फक्त अर्थिंगची तार सैल आहे. त्यानं कोणती पायरी गाळली, कुठे अंदाजानं उडी मारली, हे सगळं नोंदलं जातं. खऱ्या गाडीवर असे चाळीस बिघाड मुद्दाम करता येत नाहीत. केले तर गाडी तरी खराब होते नाहीतर मुलाची बोटं जातात. आणि नीट न शिकलेला मेकॅनिक काय करतो? चांगला सुटा भाग काढून नवा बसवतो. काढलेला भाग डेपोत जातो, तिथे तपासला की निर्दोष निघतो. हा खर्च कुठल्याही मथळ्यात येत नाही, पण वर्षानुवर्षं चालू राहतो.

आता स्ट्रायकरकडेच पाहू. ही गाडी २००३ मध्ये पहिल्यांदा इराकला गेली, तेव्हा घाई एवढी होती की ती वापरणाऱ्या ब्रिगेडच्या गाड्यांच्या देखभालीसाठी कंपनीची माणसं बरोबर ठेवावी लागली. पुढे लष्करानं त्या ४५ कंत्राटी माणसांच्या जागी ७१ सैनिक आणण्याची योजना केली आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेनं, जीएओनं, तिची छाननी केली. पंचेचाळीसांच्या जागी एकाहत्तर का, असं पटकन वाटतं. सैनिकाला पहारा असतो, कवायत असते, इतर कामं असतात, आणि कंपनीचा माणूस दिवसभर फक्त गाडीच उघडतो. मला मात्र यात आकड्यापेक्षा मोठी गोष्ट दिसते. गाडी आधी आली आणि ती दुरुस्त करणारं लष्कराचं स्वतःचं मनुष्यबळ मागून उभं करावं लागलं.

बरं, गाडी कायम तीच राहते असंही नाही. सुरुवातीच्या स्ट्रायकरचं इंजिन ३५० अश्वशक्तीचं होतं. रस्त्याकडेच्या सुरुंगांनी माणसं मरू लागली म्हणून २०११ मध्ये दुहेरी ‘व्ही’ आकाराच्या तळाची गाडी अफगाणिस्तानात उतरली. वजन वाढलं, म्हणून पुढच्या आवृत्तीत ४५० अश्वशक्तीचं इंजिन आलं, जास्त वीज देणारा अल्टरनेटर आला, सस्पेन्शनही बदललं. प्रत्येक बदलाबरोबर कालपर्यंत बरोबर असलेला ट्रेनर थोडा चुकीचा होतो. नाव, रंग, स्टिअरिंग सगळं तेच, पण मुलगा जी तार शोधायला शिकला ती नव्या गाडीत तिथे नसतेच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही केलेल्या एका ट्रेनरच्या बाबतीत मी ते पाहिलं आहे. गाडी कोणती, ग्राहक कोण हे सांगणार नाही. ट्रेनर वेळेत दिला, स्वीकृती चाचणी उत्तम झाली, हार-तुरे झाले. दीड वर्षात गाडीचं सॉफ्टवेअर बदललं, निदानाच्या पडद्यावरचे संदेश बदलले. ट्रेनर सुधारायचं कंत्राट निघालं नाही. प्रशिक्षण केंद्रावरचे शिक्षक जुन्या पडद्यावर कागद चिकटवून “इथे आता असं दिसतं” असं शिकवत राहिले. मी तिथे गेलो तेव्हा ते चिकटवलेले कागद पाहून मला जी लाज वाटली ती अजून जात नाही. आमचं काम कंत्राटापुरतं पूर्ण होतं. मुलांचं मात्र नव्हतं.

असं का होतं? इथल्या खरेदीच्या बोलीत पैशाला ‘रंग’ असतो. काँग्रेस, म्हणजे इथली संसद, नवी सामग्री घ्यायला जो पैसा देते तो तीन वर्षं टिकतो, रोजच्या खर्चाचा पैसा एका वर्षात संपतो, आणि एकाचं काम दुसऱ्यातून करता येत नाही. गाडीचा सुधार एका रंगातून होतो, ट्रेनरचा सुधार दुसऱ्याच कोणाच्या खात्यात असतो आणि कात्री लागली की तो पहिला कापला जातो. त्यात अंदाजपत्रक वेळेवर मंजूर झालं नाही की तात्पुरत्या तरतुदीवर सरकार चालतं आणि त्या काळात नवं काम सहसा सुरूच करता येत नाही. २०२५ मध्ये तर १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारच बंद होतं. त्याशिवाय कंत्राट हरलेल्या कंपनीनं जीएओकडे तक्रार केली तर निकालाला १०० दिवसांपर्यंत लागतात आणि तोवर काम बहुधा थांबतं. या तक्रारीच्या हक्काला मी नावं ठेवणार नाही. आपण का हरलो हे विचारण्याची आणि लेखी उत्तर मिळण्याची सोय भारतातल्या लहान कंपन्यांना अशी मिळाली तर मला आनंदच होईल.

घरच्या चर्चेत सगळा दोष ‘एल-वन’वर ढकलला जातो. तांत्रिक चाळणीतून जे पार झाले त्यांतल्या सर्वांत स्वस्त निविदेला काम. अमेरिकाही याच वाटेनं गेली होती. स्वीकारार्ह त्यांतला स्वस्त घ्यायचा, हा प्रकार इतका बोकाळला की २०१७ च्या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यात त्याला लगाम घालावा लागला. भारतातही अर्थ मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये बांधकामं आणि बिगर-सल्लागार सेवांच्या खरेदीत, गुणवत्ता महत्त्वाची असेल तिथे, किमतीबाहेरच्या गोष्टींना ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली आहे. ती वापरावी, असं मला वाटतं. पण एल-वन घालवला म्हणून प्रश्न सुटत नाही. सर्वांत चांगल्या कंपनीला जास्त पैसे देऊन काम दिलं आणि तिच्या हातात गाडीची माहितीच नसेल, तर ती काय बनवणार? बाहेरून हुबेहूब दिसणारी पेटी.

सगळं घोडं या माहितीपाशी अडतं. अमेरिकेच्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. गाडी कोणाच्याही पैशानं विकसित झालेली असो, ती चालवण्यासाठी, तिच्या देखभालीसाठी, बसवण्यासाठी आणि प्रशिक्षणासाठी लागणारी माहिती वापरण्याचा सरकारला अमर्याद हक्क आहे. फक्त सुटे भाग घडवण्याची तपशीलवार उत्पादन-माहिती त्यातून वगळली आहे. वाचून वाटतं, मग अडलं कुठे? दोन ठिकाणी. देखभाल कुठे संपते आणि उत्पादनाचं गुपित कुठे सुरू होतं, यावर कंपनी आणि सरकार वर्षानुवर्षं भांडतात. आणि दुसरं जास्त दुःखद आहे. हक्क असून उपयोग नाही, माहिती प्रत्यक्ष ‘द्यायची’ म्हणून कंत्राटाच्या यादीत ओळ लिहावी लागते. ती ओळ गाडी घेताना लिहिली नाही तर नंतर कंपनी सांगेल तो दर. खरेदीच्या वेळी पैसे वाचवायचे म्हणून नेमकी हीच ओळ खोडली जाते.

जीएओनं २०२५ मध्ये लष्करी सामग्रीच्या तांत्रिक माहितीवरच्या हक्कांबद्दल अहवाल दिला, त्यात तपासलेल्या सामग्रीत एफ-३५ विमानाबरोबर हीच स्ट्रायकर होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी संरक्षणमंत्र्यांनी लष्कराला नव्या कंत्राटांत सामग्री स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क घालण्याचा आदेश दिला. जुलैमध्ये डेमोक्रॅट एलिझाबेथ वॉरन आणि रिपब्लिकन टिम शीही या दोन सिनेटरांनी मिळून तसं विधेयक आणलं. डिसेंबरमध्ये संरक्षण कायद्याचा अंतिम मसुदा झाला तेव्हा ती तरतूद त्यातून गळालेली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या ग्राहकाची ही अवस्था आहे. नगरच्या भावाला मी हेच सांगतो, की तुझा मुद्दा मी मानतो, पण तुझ्या मुद्द्याला जो सर्वांत मोठा आधार आहे तो तू मांडतच नाहीस. व्हॅपची माहिती आपल्या देशात आहे. गाडी पाण्यात चालते यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

आणि स्ट्रायकरच घ्यायची ठरली, तर? मघाशी सांगितलेला निर्यात कायदा इथे आडवा येतो. हैदराबाद किंवा पुण्याच्या कंपनीला तिचा ट्रेनर बनवायचा असेल तर तांत्रिक माहितीचं प्रत्येक पान अमेरिकी सरकारच्या परवानगीनं जावं लागेल. करारावर सही होण्याआधी ही परवानगी मागणं सोपं असतं, कारण तेव्हा विकणारा उत्सुक असतो. नंतर नसतो. रशियाच्या टी-९० रणगाड्यांचा करार आपण २००१ मध्ये केला आणि चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बांधलेला पहिला रणगाडा २००९ मध्ये बाहेर पडला. तंत्रज्ञान हस्तांतरणातले अडथळे हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. तो धडा रशियाचा होता, पण अमेरिकेच्या बाबतीतही लागू आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं सिम्युलेटरच्या वापराबद्दल एक चौकट जाहीर केली. देशात आरेखन आणि विकास, आणि चालवण्याचं व देखभालीचं काम भारतीय कंपन्यांकडे, असा तिचा भर आहे. ती दिशा योग्यच आहे. मला त्यात तीन गोष्टी ठामपणे हव्याशा वाटतात. गाडीच्या करारातच ट्रेनर आणि त्याची माहिती असावी. गाडीत बदल मंजूर होईल त्याच कागदावर ट्रेनरच्या बदलाचेही पैसे मंजूर व्हावेत. आणि ट्रेनरची स्वीकृती कंपनीच्या प्रात्यक्षिकावर न होता, त्यावर शिकलेली मुलं खऱ्या गाडीवर काय करतात हे पाहून व्हावी.

अग्निवीरांमुळे ही निकड वाढली आहे. चार वर्षांची सेवा, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होणार. लातूर किंवा सांगलीच्या आयटीआयमधून आलेल्या पोराला हात बसायला दोन वर्षं लागली, तर सैन्याला त्याची किती वर्षं मिळाली? तांत्रिक शाखांत कायम ठेवण्याचं प्रमाण जास्त असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर प्रशिक्षणातला प्रत्येक तास खऱ्या बिघाडावर जायला हवा.

माझे बाबा खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये नागरी कामगार होते, फिटर. संध्याकाळी घरी आले की नखातलं ग्रीस रॉकेलनं काढत बसायचे आणि आज काय सापडलं ते आईला सांगायचे. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यांना मी आमच्या ट्रेनरबद्दल, सांगता येण्याजोगं तेवढं, सांगितलं. शिक्षक संगणकावरून बिघाड घालतो म्हटल्यावर ते थांबले.

“बिघाडांची यादी कोण करतं रे?”

मी म्हटलं, प्रशिक्षण केंद्राचे अनुभवी शिक्षक, निवृत्त सार्जंट, आणि कंपनीचे इंजिनीअर.

“आमच्याकडे कोणी विचारायला आलं नाही कधी,” ते म्हणाले. मग चष्मा लावून, आईकडे जुनी डायरी मागितली. पावसाळ्यानंतर कुठल्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, राजस्थानातून आलेल्या गाड्यांच्या कोणत्या गाळण्या आधी बघायच्या, कुठली तार घासून घासून आतून तुटते आणि वरून चांगली दिसते. पाऊण तास ते सांगत होते. मी लिहून घेत होतो.